मागची सीट

आरसा तळहाताएवढाच होता, जुन्या काळ्या मोटारीच्या काचेशी टांगलेला, आणि त्यात अकरा वर्षं डॉक्टरसाहेबांचे डोळे – वर्तमानपत्रावर झुकलेले, कधी मिटलेले... समोरून तो चेहरा ड्रायव्हर नाथाने फारसा पाहिलाच नव्हता. डॉक्टर पावसाळ्यात गेले. आता नव्या गाडीचा आरसा पुसताना त्यात कोणीच नव्हतं. कापडी टप मागे पाडलेला, मागे सीटच नाही, नुसता कल्याणचा रस्ता. तेव्हाच ध्यानात यायला हवं होतं.

पण डॉक्टरांच्या मुलाने, मधुसाहेबांनी, दोन्ही गाड्या शेजारी लावून विचारलं, "नाथा, खरं सांग. कुठली ठेवू?" – आणि नाथाला दिसलं की टप पाडून, काळा चष्मा लावून आपण बाजारातून ही नवी चालवतोय, व्यापारी गादीवरून उठून बघतायत...

"जुनीचा क्लच गेलाय, साहेब. चढावर तापते. कधी दगा देल, नेम नाय."

क्लच ठणठणीत होता. दिवाळीत मीच बसवलेला, या हातांनी. तरी बोललो.

"मग काढूनच टाकू," म्हणत मधुसाहेब स्वतः नव्या गाडीच्या स्टिअरिंगशी बसले. "चल, बस."

मालकाच्या खांद्याला खांदा! नाथा अंग चोरून बसला, पण सुखावला होता. वळण आलं की त्याचा उजवा पाय आपोआप दाबला जाई. "तिथे ब्रेक नाही रे," मधुसाहेब हसले.

ठाकुर्लीला माहेरच्या दारात मधुसाहेबांच्या पत्नी, सरोजबाई, तयार उभ्या होत्या. नाथा उतरून दार धरून उभा राहिला. "मग हा कुठे बसणार?" त्यांनी सहज विचारलं.

"दोनच सीट आहेत," मधुसाहेब म्हणाले. "तू चालत ये, नाथा. ही मीच चालवणार. महिनाअखेरपर्यंत जुनीला गिऱ्हाईक बघून दे, मग तू मोकळा. तूच म्हणालास ना, काढा म्हणून?"

तिघेही हसले. सगळ्यांत जास्त नाथा हसला, आणि त्या हसण्याची त्याला किळस आली.

गाडी गेली. चालता चालता तो मनाने गाडीतच होता – आता पूल आला असेल, आता फाटक – आणि प्रत्येक ठिकाणी उजवा पाय धुळीत दाबला जात होता, चालीत लंगडल्यासारखा. यांना चालवायला मीच शिकवलं... विहिरीपाशच्या वळणावर हे नेहमी उशिरा ब्रेक दाबतात, आणि मी शेजारून ओरडायचो.

आता ते वळण आलं असेल.

नाथा रस्त्यातच थांबला. उजवा पाय त्याने उचलून धरला होता; या वेळी दाबला नाही.