उंबऱ्यापर्यंतची वायर

येसाजीच्या घरात सासऱ्याने सुनेशी समोरासमोर बोलायची रीत नव्हती. सासू होती तोवर सगळे निरोप तिच्यामार्फत जायचे. ती गेली आणि म्हातारा हवेशी बोलू लागला. "पानी पायजे व्हतं," असं ओटीवरून आढ्याकडे बघत म्हणायचा, की आनंदीबाई तांब्या उंबऱ्यावर ठेवून मागं सरायची. तिचा नवरा हिरामण खोपोलीला कारखान्यात पाळीवर. म्हणजे दिवसभर घरात माणसं दोन आणि बोलणं काडीचं नाही. पोशीर गावात याला घरंदाजपणा म्हणत. या घरंदाजपणाचं काय लोणचं घालायचं आहे का, असं आनंदीबाईच्या मनात यायचं, पण ती बोलणार कोणाशी?

मग धाकटा दीर सदू दुबईहून टीव्ही आणि व्हिडिओ घेऊन आला. ओटीवर धूळ, कोंबड्या, आल्यागेल्याचे हात, म्हणून यंत्र माजघरात बसलं. बायका आत, पुरुष ओटीवर आणि मधलं दार सताड उघडं. व्हिडिओच्या रिमोटला वायर होती आणि ती उंबऱ्याशी येऊन संपायची. साबणाच्या वडीएवढा ठोकळा, त्यावर चालू, बंद, पुढं, मागं आणि थांब. वायर ओटीवर पोचत नाही म्हटल्यावर तो राहिला आनंदीबाईच्या हातात.

पहिल्याच रविवारी देवादिकांचा पिक्चर लावला होता. ऐन युद्धात येसाजीला परसाकडं जायची घाई झाली. त्याने आढ्याकडे बघत म्हटलं, "जरा थांबलं तर बरं." आढ्याने काही केलं नाही. आत आनंदीबाईला ऐकू गेलं होतं की नव्हतं, देव जाणे. शेवटी म्हातारा दाराकडे तोंड करून म्हणाला, "सूनबाई, थांबव गं जरा."

तिने बटण दाबलं. बाण सोडायला उभा राहिलेला वीर पडद्यावर थरथरत राहिला आणि ती त्याच्याकडे बघत गालात हसली. लग्न होऊन या घरात आल्यापासून तिला एवढं बरं कधी वाटलं नव्हतं.

एकदा तोंड उघडलं की ते परत मिटायला कठीण. "मागं घे गं, ऐकू नाय आलं," पासून सुरुवात झाली. मग "ही बाई कोन?" "सावत्र आई हाय, मामा." "मंग बरोबर. तरीच डोळे तसे." पुढं पिक्चर संपल्यावरही गोष्ट निघायची आणि त्या गोष्टीवरून भाताची, गुरांची, गेलेल्या सासूचीसुद्धा. रीत मोडली असं कोणी म्हणालं नाही. रिमोटला वायर आहे, तर माणूस करणार काय?

सदू पुढच्या सुट्टीला आला तो नवा व्हिडिओ घेऊन. जुना त्याने शिळफाट्याच्या, व्हिडिओ भाड्याने देणाऱ्या एकाला द्यायचं ठरवलं होतं. त्याआधी दोन्ही रिमोट त्याने ओटीवर शेजारीशेजारी मांडले आणि शेजारचा नागू बैल पारखावे तसे ते पारखू लागला. जुना जाड, नवा चपटा. जुन्याची बटणं न बघता हाताला कळायची, नव्यावर चवळी सांडल्यासारखी सगळी एकसारखी.

"वायर नाय, मंग हुकूम जातो कुठनं रं?" नागूने विचारलं.

"हवेतनं," सदू म्हणाला. त्याने नवा रिमोट बापाच्या हातात दिला. "बाबा, आता कुनाला सांगायला नको."

सगळ्यांना आनंद झाला. आनंदीबाईने चहा दिला.

त्या दिवसापासून तिचं काम कॅसेट आत सरकवण्यापुरतं उरलं. म्हातारा ओटीवरून बटणं दाबायचा, माजघरात चित्र आपोआप पुढं पळायचं, मागं फिरायचं, थांबायचं. पाण्यासाठी पुन्हा आढं होतंच. आनंदीबाईला फार वाईट वाटलं आणि त्याहून वाईट हे, की ते सांगायची सोय नव्हती. सासरा बोलत नाही म्हणून सून रडते, असं ऐकून गावाने तिलाच वेड्यात काढलं असतं.

एका दुपारी म्हातारा घोरत असताना तिने त्याच्या उशाचा रिमोट उचलला आणि एक सेल काढला. माजघरातलं भिंतीवरचं घड्याळ बंद होतं, त्यात तो बसवला. ही चोरी नव्हे, घरातला सेल घरातच आहे, असं तिने मनाला बजावलं. तरी रिमोट परत उशाशी ठेवताना तिला भीती वाटलीच. दुबईची नवी वस्तू; म्हाताऱ्याने हिरामणच्या कानावर घातलं असतं तर दोघांनी मिळून तिला फाडून खाल्लं असतं.

संध्याकाळी कॅसेट लागली. मधेच येसाजीने बटण दाबलं. परत दाबलं. रिमोट झटकला, पालथा केला, झाकण उघडलं. सुपात तांदूळ घेऊन बसलेल्या आनंदीबाईने मान वर केली नाही. तिच्या डोक्यावर घड्याळ टिकटिकत होतं. म्हाताऱ्याने दारातून त्या घड्याळाकडे पाहिलं आणि बराच वेळ पाहत राहिला.

"सूनबाई."

"जी, मामा."

"घडाळ चालू झालं वाटतं."

"व्हय." आता ऐकायचं ते ऐकून घ्यायचं, एवढंच उरलं होतं.

येसाजीने झाकण लावलं, रिमोट कोनाड्यात सारला आणि दाराच्या बाजूला सरकून बसला. "त्यातला सेल काडू नको," तो म्हणाला. "आन ते मगाचं परत लाव गं. ती बाई रडली कशाला, ते मला कळलंच नाय."

आनंदीबाई सूप ठेवून उठली आणि यंत्राचं बटण दाबून ती बाई का रडली ते सांगू लागली.