फोनवर सांगता येणार नाही

बीप वाजला तसा हरिचंद्र खुर्चीवरून उठून उभा राहिला. उभं राहून बोललं की आवाजाला वजन येतं, असं त्याचं ठाम मत होतं.

"साहेब, मी हरिचंद्र बोलतोय. तुमच्या प्लँटबद्दल अर्जंट काम होतं. फोनवर सांगता येणार नाही. लगेच या नंबरवर फोन करा."

नंबर दोनदा, सावकाश. मग पुढच्या साहेबांच्या घरचा फोन.

पंचाण्णव साली अंबरनाथ-बदलापुरात आन्सरिंग मशीन नवीनच होतं. ज्यांचे मेहुणे आखातात, त्यांच्याच घरी ते असायचं. हरिचंद्र उल्हासनगरच्या मोटवानीशेठकडे नोकरीला होता, पंपांची गळती रोखणारी सील विकायचा. सुरुवातीला तो त्या मशीनलाच सीलचे सगळे गुण ऐकवायचा. उलट फोन कुणाचाच येत नसे. शेठ म्हणाले, "अरे बाबा, सगळा माल मशीनलाच दाखवला तर साब कशाला फोन करेल? थोडा बाकी रख ना."

मग हरिचंद्रला ते वाक्य सुचलं, आणि दहातले आठ जण फोन करू लागले. धापा टाकत बोलायचे. सीलचं नाव ऐकलं की आधी गप्प व्हायचे, मग हसायचे, आणि कॅटलॉग मागवायचे. केवढी ही उत्सुकता, असं हरिचंद्रला वाटायचं. स्वारी हवेत होती.

त्या दिवशी तीन वाजेपर्यंत त्याने फोन सोडला नाही. मग उलट फोनची वाट न बघता सकाळच्याच साहेबांच्या, शरदचंद्रांच्या, बदलापूरच्या केमिकल कारखान्यावर कॅटलॉग द्यायला निघाला.

गेटवर एक बाई लोखंडी जाळी धरून उभी होती. हाताला कणीक, एका पायात चप्पल, दुसरा पाय अनवाणी. वॉचमन आत फोन लावत होता आणि लागत नव्हता.

"काय झालंय ते तरी सांगा," ती म्हणत होती. "हरिचंद्र म्हणून कुणाचा तरी फोन होता. प्लँटबद्दल आहे, फोनवर सांगता येणार नाही म्हणाले. तासभर लावत होते, नंबर एंगेज."

हरिचंद्र तिथेच थांबला. मी तो, असं न म्हणता त्याने कॅटलॉग काखेत दाबलं.

आतून शरदचंद्र हेल्मेट घालून घाईघाईने आले. जाळी सोडून त्या बाईंनी, पद्मजाबाईंनी, नवऱ्याला डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं, त्याचे दोन्ही हात उलटेपालटे करून पाहिले आणि तिथेच मातीत बसल्या.

मग हरिचंद्र पुढे झाला आणि खाली मान घालून त्याने सगळं सांगितलं. शरदचंद्रांनी बायकोला हात देऊन उठवलं. वॉचमनने मात्र त्याच्याकडे असं पाहिलं की शिवी परवडली असती.

पद्मजाबाई म्हणाल्या, "तुमच्या घरी कधी कुणी कारखान्यात नव्हतं का?"

"होते. वडील."

आणि ते म्हणतानाच त्याला आठवलं. बुवापाड्यातलं वाण्याचं दुकान. वडिलांच्या शहाडच्या कारखान्यातून फोन आला तेव्हा मीठ आणायला तोच तिथे उभा होता, अकरा वर्षांचा. वाण्याने रिसीव्हर त्याच्या हातात दिला. पलीकडचा माणूस म्हणाला होता, फोनवर सांगता येणार नाही, आईला घेऊन लगेच ये. त्यानेच ते घरी नेऊन सांगितलं होतं, शब्द न् शब्द. आई, मोतीबाई, अशीच धावली होती. परत आली तेव्हा तिच्या हातात फक्त वडिलांचा डबा होता.

वाक्य त्याला सुचलं नव्हतंच. आपण इतके दिवस काय विकत होतो, हे त्याला गेटवरच कळलं. कॅटलॉग तसंच काखेत राहिलं.

दुसऱ्या दिवशी बीप वाजला तेव्हा तो बसूनच होता.

"नमस्कार. मी हरिचंद्र. पंपांची सील विकतो. घाबरण्यासारखं काही नाही, कारखान्यात काही झालेलं नाही. हवी असतील तर फोन करा, नसतील तर राहू दे."

मोटवानीशेठ ऐकत होते. म्हणाले, "ऐसा बोलेगा तो कौन फोन करेगा?"

"नाही करणार," हरिचंद्र म्हणाला, आणि त्याने पुढचा नंबर फिरवला.