पुलापासून फाटकापर्यंत

"आई, गियर खरडला," चिमी म्हणाली.

आईनंही ऐकलं होतं. पुलाच्या चढावर ट्रॅक्टरचा गियर असा खर्रकन ओरडला, म्हणजे ड्रायव्हर ढोसून येतोय. गावात सगळे त्याला ड्रायव्हरच म्हणत; घरात तीही मनातल्या मनात तेच म्हणायची. शुद्धीत असला की गियर कधी पडला ते कळायचंही नाही. त्याच्या बापाच्या वेळचा तो ट्रॅक्टर. भट्टीवरून विटा वाहून आला की स्वतःच्या हातानं पुसून काढायचा. माया म्हणून जी काय होती ती सगळी तिथंच संपायची. घरात यायचा तो उरलासुरला माणूस.

पुलापासून फाटकापर्यंत तिची कामं ठरलेली होती. चाकं खोलायचा जड पाना कोपऱ्यातून उचलून पिठाच्या डब्यात खुपसायचा. बांगड्या उतरवायच्या, काचा मांसात घुसतात. केस गच्च बांधायचे, कारण त्याचा हात आधी केसांवरच जातो. मग पोरीला मागच्या भिंतीवरून पलीकडे शिवणवाल्या काकूंच्या अंगणात उतरवायचं. एवढं उरकून घोटभर पाणी प्यायला वेळ उरायचा, आणि मग फाटक वाजायचं. पोर आठ वर्षांची झाली, पण बापाचं बोट तिला कधी लागलं नव्हतं. आयुष्यात आईनं दुसरं काही कमावलं नव्हतं, पण हे कमावलं होतं.

आज पाना डब्यात गेला, बांगड्या उतरल्या. चिमीची एक वेणी झाली होती, दुसरी मोकळी होती.

"राहू दे ना आई, मी जाते."

"बस गं. आहे वेळ. अशी अर्धवट जाशील काकूंकडे?"

कान इंजिनावरच होते. तोच ठेका, तीच फटफट, काही वेगळं नाही. तिनं केसांचे तीन पेड केले, आणि फाटकाचा खांब खडखडला. ट्रॅक्टर खांबाला घासून अंगणात शिरला होता.

"बघ! बघ तरी!" तो खाली उडी मारत ओरडला. "मागची टायरं बदलली! वीतभर उंच! पुलावरून नुसता उडत आलो!"

खुशीत होता हो मेला. तेवढ्यात त्याला मागच्या भिंतीवर लोंबकळणारी पोर दिसली, आणि तिला वर ढकलणारी बायको. मग त्याच्या लक्षात आलं.

"असं होय? मी आलो की घर पळतं होय?"

ती मधे पडली. त्यानं तिच्या पोटात लाथ घातली, ती कोसळली. मग हात वर करून त्यानं चिमीचे मोकळे केस धरले आणि पोरीला भिंतीवरून ओढून खाली पाडलं. चिमी आधी ओरडली नाही, तिला असलं काही ठाऊकच नव्हतं. दुसरी थप्पड बसल्यावर ओरडली. आई रांगत गेली, त्याच्या पिंढरीला चावली, रक्त येईस्तोवर सोडली नाही. मग मात्र त्यानं तिला हात दुखेपर्यंत मारलं. पलीकडे काकूंचं मशीन थांबलं होतं. भिंतीवरून कुणी डोकावलं नाही.

सकाळी तो गेल्यावर ती सुजल्या डोळ्यानं पंक्चरवाल्याच्या टपरीवर गेली.

"भाऊ, काल काय केलंत त्या ट्रॅक्टरला?"

त्यानं तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि मान खाली घातली. "टायरं मोठी टाकली वहिनी, दुसरं काही नाही. लहान चाक एका फेऱ्यात जेवढं जातं, त्याहून मोठं चाक जास्त जातं. इंजिनाला काय कळतंय? ते तेवढंच फिरतं, तेवढंच ओरडतं."

"म्हणजे आवाज तोच, आणि माणूस आधी पोचणार."

"हां. ब्रेक मात्र जुनेच. मी त्याला बजावलंय, रोजच्या जागी दाबशील तर उशीर होईल, आधी दाब. पण पायाला सवय असते ना. काल खांब घासला म्हणे."

"जुनी परत बसवा."

"मला मारेल तो, वहिनी."

"हो, मारेल," ती म्हणाली आणि उठली.

घरी चिमी टाळूला हात लावून बसली होती. केसांचा एक पुंजका गेला होता. आईनं फणी घेतली तशी ती मागे सरकली.

"नको. वेळ नसतो."

त्यापेक्षा पोटातली लाथ बरी होती. हे ऐकून तिच्या जिवाचं पाणी पाणी झालं. आणि मग, कितीतरी वर्षांनी, तिला राग आला.

त्यानं टपरीवरून परत आणलेली जुनी टायरं मागे भिंतीशी टेकवून ठेवलेली होती. दुपारी मायलेकींनी ती ढकलत पुढे आणली, फाटकातून आत वळेपर्यंत दिसणार नाहीत अशी आडवी टाकली आणि त्यांच्या पोटात विटा भरल्या. मुद्दाम केलं का? मुद्दामच केलं. मग तिनं पिठाच्या डब्यात हात घातला.

संध्याकाळी गियर खरडला. तिनं बांगड्यांना हात लावला नाही, कालच फुटल्या होत्या सगळ्या. चिमीला पायरीवर बसवलं आणि स्वतः पाना घेऊन उभी राहिली. तोच ठेका, तीच फटफट. तो वळला, टायरं पाहिली, आणि ब्रेक रोजच्या जागी दाबला.

धडक एवढी मोठी होती की खिडकीची काच पडली. ड्रायव्हर स्टिअरिंगवर आपटून बाजूला फेकला गेला, पाय चाकाखाली अडकला. तोंड रक्तानं भरलं होतं, तरी शिवी बाहेर आलीच. हात चाचपडत विटेकडे गेला.

पिठानं पांढरा झालेला पाना तिनं त्या मनगटावर हाणला. हाड मोडल्याचं ऐकू आलं. तिला बरं वाटलं, खोटं कशाला बोला! तिनं पाना पुन्हा उचलला तेव्हा त्यानं उरला हात डोक्यावर धरला, कोपर पुढे, मान आत. असं धरायचं असतं हे तिला चांगलंच ठाऊक होतं. ती रोज तसंच धरायची.

तिनं पाना खाली ठेवला.

"मेलो गं... पाय काढ..."

"काकू!" तिनं भिंतीकडे तोंड करून हाक मारली. "आता तरी या. चार माणसं आणा, चाक उचलायचंय."

इंजिन बंद पडलं होतं. ती पायरीवर बसली, चिमीला पुढ्यात ओढलं आणि हाताचं पीठ पदराला पुसलं. जखम सांभाळून हळूहळू तीन पेड केले.

"आई, आहे वेळ?"

"आहे गं," ती म्हणाली, आणि दुसरी वेणी घालायला घेतली.