खालून धरणारा

आत्माराम मांडवकर गॅरेजच्या दारात चपला काढून गाडीसमोर उभा राहिला. हातात नारळ, मागे मुलगी नम्रता, आणि दाराशी पदराला हात पुसत बायको मालन. मिरकरवाड्याच्या धक्क्यावर चाळीस वर्षं त्याने ट्रॉलरची इंजिनं काढली आणि बसवली, पण गाऱ्हाणं घातल्याशिवाय पान्याला हात म्हणून लावला नव्हता.

"बा देवा भैरी म्हाराजा," त्याने सुरुवात केली, "आज ह्या गाडीचं इंजिन नि गिअरबॉक्स काढायला घेतलाय म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," दोघी म्हणाल्या.

"मी आत्माराम, माजी लेक नम्रता, माजा पोरगा सागर, आमी तिघं कामाला लागलाव. कुणाच्या हातापायाला इजा होऊ देऊ नको म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

नम्रता कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायची. आवाज कुठून आला हे तिच्या आपसूक ध्यानात यायचं. या दुसऱ्या वेळी आईचा आवाज उजवीकडून आला होता. तिचा स्वतःचा आलाच नव्हता, कारण सागरचं नाव ऐकताच ती म्हणायचंच विसरली होती. तरी आवाज दोन होते. दुसरा गाडीखालून आला होता.

सागरला जाऊन नऊ महिने झाले होते. तो तेलवाहू जहाजावर इंजिनियर होता. एका पहाटे तो पाळीवर आला नाही. चार दिवस समुद्र धुंडाळला, आणि मग जहाज पुढे गेलं. देह मिळाला नाही, म्हणून आत्मारामने विधी होऊ दिला नव्हता. कुणी विचारलं तर "जहाजावर हाय" म्हणायचा, आणि विचारणारा मान खाली घालून निघून जायचा. शेवटी मालननेच तोड काढली. सागरच्या ह्या दोन सीटच्या जुन्या जपानी स्पोर्ट्‌स कारच्या इंजिनाचं मागचं सील गळून तेल झिरपत होतं; पुढच्या रजेत इंजिन आणि गिअरबॉक्स एकदम बाहेर काढू, असं तो म्हणून गेला होता. "तेवढं काम पुरं करा त्याचं," मालन म्हणाली, "आणि काम झालं की पोराचं करायचं." आत्माराम कबूल झाला होता.

"आबा, तुम्ही सागरचं नाव घेतलंत," नम्रता म्हणाली.

"जिभेची सवय गो." त्याने नारळ फोडला. पाणी बंपरवर ओघळत राहिलं. मग तो गाडीकडे बघत सावकाश म्हणाला, "आमचा बापूस सांगायचा, गाऱ्हाण्यात ज्याचं नाव घेतलं त्याला काम सरेस्तवर जाता येत नाय."

हे बोलताना त्याच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते नम्रताला आवडलं नाही. ती आशा होती.

त्या शनिवारी त्यांनी बॅटरी, बॉनेट, रेडिएटर काढला. तेल आणि पाणी उतरवलं, मागच्या चाकांकडे जाणारा दांडा सोडवला, आणि गिअरबॉक्सखालच्या आडव्या पट्टीचे चार बोल्ट ढिले केले. नम्रताने प्रत्येक बोल्टला चिठ्ठी बांधून वहीत टिपून ठेवलं. रविवारी सकाळी चारही बोल्ट पुन्हा घट्ट बसलेले होते. तिने सोडवले. सोमवारी पुन्हा घट्ट.

"इंजिन काढताव की दळण दळताव?" मालन चहा ठेवता ठेवता म्हणाली. "मिरकरवाड्यात एका दिवसात दोन दोन काढायचात म्हणे."

"ट्रॉलर वेगळा, ही गाडी वेगळी," आत्माराम म्हणाला. त्याच्या नखांतलं ग्रीस ताजं होतं.

दुपारी ती कॉलेजातून आली, जेवणं झाल्यावर घर आडवं झालं, तेव्हा नम्रता चप्पल न घालता गॅरेजशी गेली. आत्माराम गाडीखाली उताणा पडला होता. फक्त पाय आणि एक हात बाहेर दिसत होता.

"चौदा नंबर," तो हळू आवाजात म्हणाला आणि तळहात पसरला.

पाना तीन हातांवर, टूलबॉक्सच्या कडेला होता. नम्रताने डोळ्यांची उघडझाप केली. पाना त्याच्या हातात होता.

"आबा."

पाय थबकले. मग तो सरकत बाहेर आला आणि टायरला टेकून बसला. चोरी करताना पकडलेल्या मुलासारखा.

"तुम्हीच बोल्ट आवळताय."

"मग काय करू? काम झालं की तुमी त्याचं करणार. काम झालं की तो जाणार." त्याने मान गाडीखाली वळवली. "आता हाय गो बाय. सांगितलं ते देतो. पूर्वी द्यायचा तसंच, शेपटीकडनं धरून."

नम्रता त्याच्याशेजारी बसली. वाद घालावा असं काही तिच्याकडे नव्हतं. पाना तिने पाहिला होता.

"कुठे आहे तो, आबा?"

"खाली."

"खाली काय आहे? काळोख आणि सांडलेलं तेल. नऊ महिने पाण्याखाली होता. आता तुम्ही त्याला गिअरबॉक्सखाली ठेवणार? किती दिवस?"

आत्मारामने हातातला पाना तिच्या ओंजळीत ठेवला. पाना ओला होता. तिने जिभेला लावून पाहिला नाही. खारट असता तर पुढे काय करायचं हे तिला माहीत नव्हतं.

मंगळवारी तिने रजा घेतली. बोल्ट सोडले ते सुटलेलेच राहिले. छताच्या लोखंडी तुळईला वजन उचलायचा चेन ब्लॉक लावला, इंजिनाला साखळदंड घातला, आणि नम्रता चेन ओढू लागली. इंजिन पुढून वर उठायचं, मागे गिअरबॉक्सची शेपटी खाली झुकायची, आणि कुणीतरी खाली पडून ती शेपटी धरून वाट दाखवायची. हे काम कायम सागरचं. आज त्या जागी आत्मारामने जॅक लावला होता.

इंजिन चार बोटं उचललं गेलं. आणि चेन हलकी झाली.

खात्री करायला नम्रताने चेन उतरवायच्या बाजूने दोन हात ओढली. वरचा हूक खाली येऊन साखळदंड सैल पडला, लोंबायला लागला. इंजिन जागचं हललं नाही. इंजिन ज्यावर टेकतं त्या माउंटच्या फटीत तिने बोट घातलं, आरपार गेलं. कुठेच काही अडकलं नव्हतं. वाकून जॅक पाहिला, तर तो शेपटीपासून वीतभर खाली होता. सव्वादोनशे किलो वजन हवेत होतं, आणि ते पेलणारं काहीही तिला दिसत नव्हतं. गिअरबॉक्स मात्र झुकलेला नव्हता. कुणी दोन्ही हातांनी छातीशी धरावा तसा सरळ होता.

"आबा," ती म्हणाली, "साखळीवर वजन नाही."

दारात मालनच्या हातातली चहाची किटली वाजली. "काय झालं?"

"त्याने धरलंय," आत्माराम म्हणाला.

तो गुडघ्यांवर बसला, मग दोन्ही हात जमिनीला टेकून गाडीखाली वाकला. नम्रताला त्याची फक्त पाठ दिसत होती. बनियनखाली मणके उठून दिसत होते.

"सागर," तो म्हणाला. "नीट धरलंस ना? भले रे. पण आता साखळीवर वजन घेतेय आपली बाय. तिच्याकडे दे."

काहीच झालं नाही. बाहेर कुणाच्या तरी स्कूटरचा हॉर्न वाजून गेला.

"मी बोलावलं म्हणून आलास. चूक माजी." तो आणखी आत वाकला. "आता मीच सांगतोय. सोड रे बाबा. दमला असशील. सोड."

साखळी एका झटक्यात ताणली गेली. तुळई करकरली, नम्रताच्या हाताला वजनाचा खाडकन झटका बसला आणि गिअरबॉक्सची शेपटी जमिनीकडे झुकली. आत्मारामने पुढे होऊन ती दोन्ही हातांत घेतली. "ओढ," तो म्हणाला, "थांबू नको." तिने ओढलं. तो एकटा वाट दाखवत गेला, आणि इंजिन गाडीच्या पुढच्या कडेवरून बाहेर आलं, झुललं, जमिनीवर मांडलेल्या टायरांवर टेकलं.

गाडीचं पोट उघडं पडलं होतं. खाली सिमेंटची जमीन दिसत होती, कोरडी, आणि तिच्यावर कुणीच नव्हतं.

मालन दारातच खाली बसली. आत्मारामने हात धुतले नाहीत. तेलकट बोटांनीच फोन काढून त्याने भटजींचा नंबर लावला. पलीकडून नाव विचारलं गेलं असावं.

"सागर आत्माराम मांडवकर," तो म्हणाला. मग पलीकडून तो गेल्याची तिथी विचारली गेली. नऊ महिन्यांत ती तारीख त्याने एकदाही तोंडातून काढली नव्हती. त्याने भिंतीला पाठ टेकली, डोळे मिटले आणि सांगितली.