दोन कुलुपं आणि उबलेलं भात

मी एक जुनी अधोली आहे. धान्य मापायचं लाकडी माप. आधीच सांगून टाकते मित्रांनो, मी जन्माची भित्री. सुताराची पटाशी, उंदराचे दात, चुलीची धग, सगळ्यालाच मी घाबरते. हसू नका! माझ्यावर आलं ते तुमच्यावर आलं असतं, तर तुमचीही बोबडी वळली असती.

एकोणीसशे सोळा साली कर्जतच्या पेठेतल्या एका दुकानदारानं मला सागाच्या ओंडक्यातून कोरून घेतलं. त्याच्याकडे दोन अधोल्या होत्या. गिऱ्हाइकाला द्यायची लहान, गिऱ्हाइकाकडून घ्यायची मोठी. मी घ्यायची. दोन मुठी भात माझ्यात जास्त मावायचं. कोंडाण्याच्या लेण्यांच्या बाजूचे ठाकर डोक्यावर भात घेऊन उतरायचे आणि दुकानदार मला शिगोशीग भरून मापायचा. "माझी लक्ष्मी गं ती," म्हणून मला कुंकू लावायचा. लबाडी माझ्या पोटात होती, मनात नव्हती, पण हे ऐकणार कोण? कधीतरी उघडं पडेल आणि लोक मला दगडानं फोडतील, या धास्तीत मी बारा वर्षं काढली.

दुकानदार वारला, दुकान मोडलं, आणि मला मुनाफनं घेतलं. मुनाफ कर्जतचाच. सात वर्षं आगबोटीच्या भट्टीत कोळसा टाकून आलेला, आता मासे धरायची जाळी विणून पोट भरणारा. परदेशातल्या बंदरांवर त्याला वेगळ्याच विचारांची माणसं भेटली होती. राजा नको, सरकार नको, माणसं आपापलं नीट चालवू शकतात, असं म्हणणारी. शिकलेले लोक त्यांना अराजकवादी म्हणतात. मुनाफनं मला थेट सुताराकडे नेलं आणि माझा काठ दोन बोटं कापून घेतला. पटाशी लागली तेव्हा वाटलं, आटोपलं आपलं! पण मी जगले आणि खरी झाले. गंमत म्हणजे, सरकार नको म्हणणाऱ्या मुनाफनं मला पडताळून पाहिलं ते सरकारी शिक्क्याच्या मापानं. यावरून पोशा त्याला जन्मभर चिडवत राहिला.

पोशा म्हणजे मुनाफचा जिवलग दोस्त. कोंडाण्याच्या पायथ्याच्या वाडीतला ठाकर. मुंबईच्या गिरणीत होता. तिथल्या मोठ्या संपात सगळ्या चाळीनं एकाच हंड्यातलं खाऊन दिवस काढले, ते त्याच्या मनात घर करून बसलं होतं. सरकार त्यालाही नकोच होतं. दोघांनी मिळून वाडीत कोठार घातलं. भिंतींना कारवीच्या काठ्यांचा कूड, वर शेणाचं सारवण, भक्कम सागवानी दार. सगळ्या वाडीनं आपलं बियाण्याचं भात तिथं एका राशीत ओतायचं, म्हणजे पेरणीच्या वेळी पेठेत कुणापुढे हात पसरायला नको. पहिली दोन वर्षं झकास गेली. मला वाटलं, सुटले बाई.

तिसऱ्या साली कापणीनंतर अवकाळी पाऊस झाला. भात दमट राहिलं. पोशाची बहीण चिमा, नवरा गेलेली, दोन लेकरांची आई. तिचं सगळं बियाणं त्याच राशीत होतं. ती म्हणाली, "भात सादळलंय. आठ-आठ दिवसांनी बाहेर काढून ऊन द्यावं लागंल." सगळे हो म्हणाले.

आणि नेमकं त्याच दिवशी भांडण पेटलं. कारण मी!

यंदा पहिल्यांदाच मुनाफ मला भरत होता. कोण किती टाकतो ते मापायला. पोशानं माझ्याकडं बोट केलं. "मुनाफ, ही इथं नको. ह्या अधोलीनं माझ्या बापाचं भात खाल्लंय."

"ती आता खरी हाय रं. मी कापून घेतलीय."

"खरी न् खोटी! माप आलं की तुझं-माझं आलं. रानात मोहाची फुलं कोण मापून येचतं का? ज्याला लागंल त्यानं न्यावं."

"आणि दिवसभर झाडाखाली लोळला तो?" मुनाफ उठून उभा राहिला. "तोबी ओंजळ भरून नेणार? त्याला काम कर म्हणणार कोण? पंच! म्हंजे पुन्हा मामलेदारच आला की. माझे हात माझे, तर हातांची कमाई बी माझी. तुला माझं जाळं पायजे, मला तुझं भात पायजे, आपण दोघं ठरवू. माप खरं असलं की मधी राजा लागत नाय."

"आन् जिच्याकडं बदल्यात द्यायला कायच नाय, ती? आपली आंधळी ठकीआजी? तुझ्या बाजारात ती हुबी कुठं ऱ्हाईल? आज तुझ्याकडं दोन अधोल्या जास्त, उद्या तूच सावकार!"

मित्रांनो, दोघंही मला खरेच वाटत होते. मुनाफ बोलला की मुनाफचं पटायचं, पोशा बोलला की पोशाचं. शेवटी पोशा ओरडला, "येत्या शिमग्याला ही अधोली होळीत टाकणार! सांगून ठेवतो!"

लाकडाला होळी म्हणजे काय, ते मला विचारा! माप रिकामं ठेवू नये म्हणून मला भरून राशीत अर्धं रोवून ठेवायची रीत होती. तशीच मी होते. मुनाफनं मला वाचवायला दाराला कुलूप लावलं. मुनाफनं आपल्यामागे मापून वाटप करू नये, म्हणून पोशानं त्यावर दुसरं कुलूप ठोकलं. ह्याची किल्ली कर्जतला, त्याची किल्ली कमरेच्या करगोट्याला. आणि आत मी, अंधारात.

पहिले काही दिवस मी फक्त होळीला घाबरत होते. मग एके दिवशी मला माझ्या बुडाशी ऊब लागली. आधी बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? थंडीचे दिवस होते. पण ऊब वाढत गेली. आंबूस वास सुटला. रास आतून तापत होती! दमट भात कोंडलं की उबतं आणि उबलेलं बियाणं उगवत नाही, एवढं मला कळत होतं. मी मनात किंचाळत होते, अरे दार उघडा रे! पण लाकडाला तोंड कुठून आणायचं?

बाहेर चिमाचा आवाज यायचा. "दाद्या, भाताला ऊन द्यायचंय. कुलूप काढ."

"मुनाफ आधी काढंल, मग मी काढतो."

ती चालत कर्जतला जायची, परत यायची. "मुनाफभाई म्हंतात, पोशा आधी काढंल." असं तीनदा झालं. दोघं वाईट नव्हते हो! पण आधी किल्ली लावली तर आपलं म्हणणं हरलं, असं दोघांना वाटत होतं. आणि इकडे माझ्या अंगाला चटका बसायला लागला होता.

महिना उलटला. एका दुपारी दोघं दारासमोर पुन्हा हमरीतुमरीवर आले होते. तेवढ्यात माझ्या मागे काड्या मोडल्याचा आवाज झाला. कुडाला भगदाड पडलं, उजेड आला आणि कोयता घेतलेली चिमा आत शिरली. दाराला दोन-दोन कुलुपं घालून बसलेल्या शहाण्यांना भिंत काड्यांची आहे हे सुचलंच नव्हतं. तिनं राशीत कोपरापर्यंत हात घातला आणि झटक्यानं बाहेर काढला.

ती रडली नाही. भगदाडातून म्हणाली, "दोगं आत या. हात घाला."

दोघांनी हात घातले. चिमासारखेच झटक्यानं बाहेर काढले.

चिमानं राशीतले दहा दाणे ओल्या फडक्यात बांधून चुलीपाशी ठेवले. तीन दिवसांनी मोड मोजायचे. ते तीन दिवस मी आयुष्यात विसरणार नाही. सगळी वाडी त्या फडक्याकडे जीव मुठीत धरून बघत होती. गाठ सुटली. दहांतल्या चार दाण्यांना मोड होते. म्हणजे बियाणं निम्म्या वाडीलाही पुरणार नव्हतं.

आणि काय सांगू! दोघं पुन्हा सुरू झाले. मुनाफ म्हणाला, ज्यानं जितकं टाकलं त्या मानानं द्या. पोशा म्हणाला, घरात तोंडं किती ते बघून द्या.

चिमा उठली. "माझं नावच काढा," ती म्हणाली. "मला दाणाबी नको. एक घर कमी झालं. आता तरी गप बसाल?"

मग तिनंच मला उचललं आणि मापून सगळ्या घरांना वाटलं, ठकीआजीलाही. मी भरत होते, रिकामी होत होते, आणि मला तिच्यापुढे लाज वाटत होती. त्या साली चिमाचं शेत पडीक राहिलं. ती लेकरांना घेऊन घाटातल्या रुळांवर खडी वाहायला गेली.

मला कुणी होळीत टाकलं नाही. आणि ते दोघं? छे, त्यांचं कधीच पटलं नाही! पण दर आठवड्याला दोघं भात उन्हात पसरायचे, पायानं हलवायचे आणि हलवता हलवता तावातावानं भांडायचे.

आता मला तडा गेलाय. माळ्यावर पडून असते. मित्रांनो, मोठे व्हाल तसे तुम्हीही मोठ्या मोठ्या गोष्टींवर भांडाल. खुशाल भांडा, त्याशिवाय माणसाला कळतं कुठं? पण तुमच्या कुलपाआड कुणाचं तरी बियाणं असतं. मधूनमधून आत हात घालून बघा. गरम लागलं, तर वाद तिथंच टाका आणि आधी दार उघडा.