साबणाच्या पाण्याची बाटली

अमेरिकेतल्या डुलुथमध्ये व्हर्न हौटालाचं नाक प्रसिद्ध होतं. गॅसच्या फायरप्लेस, म्हणजे घरातल्या शेकोट्या, दुरुस्त करण्यात त्याची चौतीस वर्षं गेली होती. दारात उभं राहून त्याने दोनदा हुंगलं की गळती तळघरात आहे की बैठकीच्या खोलीत, हे तो सांगतो, असं लोक म्हणत. लोक थोडं वाढवूनच सांगतात, पण व्हर्नला ते आवडे. गळती हुडकायचं यंत्र त्याच्या ट्रकमध्ये डब्यात पडून असे. सांध्यांवर साबणाचं पाणी फवारून बुडबुडे बघणाऱ्यांना तो म्हणे, "ज्यांना देवाने नाक दिलं नाही, त्यांच्यासाठी आहे ते."

अशा माणसाच्या हाताखाली अर्डिस टोलफसन काम शिकत होती, आणि अर्डिसला वास येत नव्हता.

दोन वर्षांपूर्वीच्या आजारपणात तिचा वास गेला, तो परत आलाच नाही. त्याआधी एकोणीस वर्षं ती शाळेच्या स्वयंपाकघरात होती. एकदा तिने नासलेलं दूध मुलांच्या पुडिंगमध्ये घातलं, आणि दुसऱ्या दिवशी स्वतःहूनच एप्रन काढून ठेवला. बावन्नाव्या वर्षी नवं काम शिकायला कोण घेणार? व्हर्नने घेतलं. त्याच्यापुढे नाकाची गोष्ट काढायची तिची छाती झाली नाही. तो सामान आणायला ट्रककडे गेला की ती खिशातली साबणाच्या पाण्याची बाटली काढून भराभर सगळे सांधे फवारून घेई. लबाडी होतीच ती. पण तिने तपासल्याशिवाय एकही सांधा सोडला नाही, हेही खरं.

मिसेस पेल्की या म्हाताऱ्या गिऱ्हाइकाच्या घरचं काम झालं की तिची उमेदवारी संपायची होती. अर्डिसने काच उतरवली, शोभेचे सिरॅमिकचे ओंडके क्रमाने चादरीवर मांडले, बर्नरमधली कोळ्याची जाळी काढली, जुना व्हॉल्व्ह बदलला. तिची उमेदवारी पूर्ण झाल्याचा कागद सहीसाठी गुडघ्यावर ठेवून व्हर्न बघत बसला होता. आज तो ट्रककडे जायचं नावच काढेना.

तिने गॅस सोडला. व्हर्नने वाकून हुंगलं.

"काही नाही. पेटव, म्हणजे सही करून टाकतो."

अर्डिसचा अंगठा बटणापर्यंत गेला आणि तिथेच थांबला. बाटली काढली तर व्हर्न कारण विचारणार, आणि सही हातची जाणार. तरी तिने बाटली काढली.

"आता काय आंघोळ घालतेस त्याला? मी हुंगलं ना!"

"हुंगलंत. तरी बघते."

"माझ्यावर भरवसा नाही तुझा?"

मागच्या सांध्यावर एक बुडबुडा फुगला, फुटला, आणि लगेच दुसरा फुगला. तिने झटकन गॅस बंद केला. तेवढ्यात मिसेस पेल्की नाकाला रुमाल लावून आतून आल्या.

"अहो, केवढा वास सुटलाय! मला वाटलं, तुमच्या कामात तो यायचाच, म्हणून गप्प बसले."

व्हर्नचा चेहरा पांढराफटक पडला. अर्डिसने म्हातारीला कोट घालून पोर्चवर बसवलं, खिडक्या उघडल्या. घर मोकळं झाल्यावर तिने सांधा उघडून पुन्हा घट्ट बसवला, पुन्हा फवारला, घड्याळ लावून वाट पाहिली. बुडबुडा आला नाही. मग तिने मिसेस पेल्कींना आत बोलावून विचारलं, "आता येतोय का वास?" त्या नाही म्हणाल्या, तेव्हाच तिने आग पेटवली.

ट्रकमध्ये बसल्यावर ती म्हणाली, "व्हर्न, मला वास येत नाही. दोन वर्षं झाली. तुमच्या पाठीमागे प्रत्येक सांधा फवारून बघत आले. आधीच सांगायला हवं होतं. फाडा तो कागद."

व्हर्नने कॉफीच्या थर्मासचं झाकण काढून तो बराच वेळ नाकाशी धरला.

"मला वाटायचं, गेल्या हिवाळ्यापासून बायको कॉफी पातळ करते," तो म्हणाला. "आणि गळती कळावी म्हणून गॅसमध्ये घालतात तो वास कंपनीवाले हल्ली कमी घालतात, असं गावभर सांगत फिरलो मी."

त्याने थर्मासचं झाकण पुन्हा घट्ट लावलं. अर्डिसला त्याची फार दया आली. स्वतःचा वास गेल्याचं कळलं, त्या दिवशी तिने घरातल्या मसाल्याच्या सगळ्या बाटल्या उघडून हुंगल्या होत्या.

"परत येतो का गं?"

"काहींचा येतो. माझा नाही आला."

व्हर्नने कागदावर सावकाश सही केली आणि तो तिच्या हातात दिला. मग समोरच्या कप्प्यातून कामाची वही काढून तो पानं मागे उलटू लागला. गेल्या हिवाळ्यापाशी त्याचं बोट थांबलं. त्या पानापासून अर्डिस कामाला येईपर्यंतची सगळी घरं त्याने नुसती हुंगून सोडली होती.

"बाटली भरलेली आहे?"

"आहे."

त्याने ट्रक घराच्या उलट दिशेला वळवला. पहिलं घर टेकडीवरचं होतं. दार उघडल्यावर व्हर्नने सवयीने नाक वर केलं, आणि मग मान खाली घातली.

"तू फवार," तो अर्डिसला म्हणाला. "मी बॅटरी धरतो."