काऊचे घर कुणी पाडले?

मित्रांनो, मी एक जुने मातीचे घर आहे. बुटांच्या खोक्यात मावेन एवढेच. काळ्या लोकरीचा एक कावळा माझ्यात राहतो. माझी हकीकत गोड नाही. ती सांगताना मला अजूनही राग येतो, आणि तो मी गिळणार नाही.

माझा जन्म १९८४ सालचा, ॲरिझोनातल्या चँडलरचा. गावाच्या एका अंगाला कापसाची शेते होती, दुसऱ्या अंगाला संगणकाच्या चिप बनवणारे कारखाने उभे राहत होते. महाराष्ट्रातून आलेल्या वसुधाकाकूंचे यजमान अशाच एका कारखान्यात इंजिनिअर होते. काकू शनिवारी वाचनालयात मुलांना इंग्रजीतून गोष्टी सांगायच्या. समोर बसणारी बरीचशी मुले शेतांवर राबणाऱ्या मेक्सिकन घरांतली असत.

एका शनिवारी त्यांनी चिऊ-काऊची गोष्ट सांगितली. चिऊचे घर मेणाचे, काऊचे शेणामातीचे. पाऊस आला आणि काऊचे घर वाहून गेले. मुले खिदळली. मारिसोल नावाची मुलगी मात्र उठून उभी राहिली.

“माझ्या आजीचं घर मातीचं आहे,” ती म्हणाली. “ते पडत नाही. आम्ही दर वर्षी लिंपतो.”

लहानपणी यवतमाळला काकूंनी स्वतः अंगण सारवले होते. मग त्याच शेणामातीला आपण कधीपासून हसू लागलो? त्यांनी मारिसोलला विचारले, “तुझं घर बघायला येऊ का?”

मारिसोलची आजी कोन्सुएलो. तिचे घर कच्च्या विटांचे, जाड भिंतींचे. बाहेर ऊन भाजत होते, आत गारवा होता. काकूंनी आजीला ती गोष्ट सांगितली, मारिसोल स्पॅनिशमध्ये समजावत गेली. मेणाच्या घराशी येताच आजीला हसू आवरेना. इथल्या उन्हात मेणाचे घर दुपारपर्यंत तरी टिकेल का, असे तिने विचारले. मग तिने माती, वाळू आणि गवताची काडी कालवली आणि अंगणातच मला घडवले. माझ्या मागच्या भिंतीवर मारिसोलची बोटे उमटली आहेत.

त्यानंतर गोष्ट बदलली. आता उन्हाने चिऊचे घर वितळायचे. पिल्लांना घेऊन ती काऊचे दार ठोठावायची. काऊ तव्यावर मक्याच्या भाकऱ्या भाजत असायचा. तो तिला क्षणभरही ताटकळत ठेवत नसे. सगळी मुले त्याच्या वतीने ओरडायची, “पासाले!” म्हणजे स्पॅनिशमध्ये, आत ये. मला हात लावायला त्यांची झुंबड उडे. ते माझे सुखाचे दिवस.

मग आला मराठी मंडळाचा दिवाळीचा कार्यक्रम. काकूंना गोष्ट सांगायला बोलावले होते. अध्यक्ष होते जगन्नाथराव. माणूस वाईट नव्हता. नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला आणायला ते विमानतळावर जात. पण त्यांचे म्हणणे होते की इथल्या मुलांना आधीच मराठी येत नाही, निदान गोष्टी तरी अस्सल द्या. काकूंनी जुनी गोष्ट सांगायला नकार दिला आणि विषय संपला असे समजल्या.

तो संपला नव्हता. काकू रंगमंचावर गोष्ट रंगवत होत्या, तेवढ्यात जगन्नाथराव झारी घेऊन आले, “आता खरी गोष्ट,” म्हणाले आणि माझ्यावर पाणी ओतले. मला गिलावा नव्हता. डावी भिंत खचली, दार चिखलात पडले. सभागृह हसून लोटपोट झाले.

पहिल्या रांगेत कोन्सुएलो आजी आणि मारिसोल बसल्या होत्या. काकूंनीच त्यांना आणले होते. आजीला मराठीचे अक्षर कळत नव्हते, पण जे दिसले ते कळायला भाषा लागत नव्हती. तिने पर्स मांडीवर घेतली आणि ताठ बसून राहिली.

काकू माझ्या आणि झारीच्या मध्ये आल्या. “हे घर त्या बाईंनी केलंय,” त्या म्हणाल्या. “त्या समोर बसल्यात.”

“अहो वहिनी, गोष्टच आहे ना?”

“गोष्टच आहे, म्हणून तर! मुलं हीच गोष्ट घरी घेऊन जातील.”

त्यांनी माईक घेतला आणि आपली गोष्ट पहिल्यापासून, इंग्रजीत, माझ्या चिखलाशेजारी उभे राहून सांगितली. निम्मे लोक जेवणाच्या रांगेत गेले. चिऊने दार ठोठावले तेव्हा “पासाले” म्हणणारा एकच आवाज आला, मारिसोलचा.

कुणी माफी मागितली नाही. रंगमंच खराब झाल्याची तक्रार मात्र झाली. पुढच्या वर्षी मंडळाने जादूगार बोलावला. आजीने माझी भिंत पुन्हा उभी केली आणि वाचनालयातल्या शनिवारच्या गोष्टी चालू राहिल्या.

आज मी तिथल्या कपाटात धूळ खात आहे. तिची तक्रार नाही. धूळ म्हणजे मातीच. मित्रांनो, मला जपा असेही मी म्हणत नाही. एवढेच मागणे: गोष्टीत कुणाचे घर पडले, तर हसण्याआधी आजूबाजूला पाहा. त्या घरात राहणारे कुणी तुमच्या शेजारीच बसले असेल.